होलोग्रामचा पट्टा: घेऊ नका

ताई, सरावानंतर मैदानावर आलेल्या विक्रेत्याने होलोग्रामचा मनगटी पट्टा दाखवला, पट्ट्याशिवाय मुलाचा तोल गेला, पट्टा घातल्यावर गेला नाही, म्हणून दोन हजार घालावेत का, असं तुम्ही विचारलंय. घालू नका.

तोल गेला हे खरं, पण तो विक्रेत्याने घालवला. मुलाला एका पायावर उभं करून हात बाजूला पसरायला लावतात. पहिल्यांदा हात दाबताना जोर किंचित बाहेरच्या बाजूला लावला की कोणीही कलंडतो. पट्टा चढवल्यावर तोच जोर किंचित अंगाकडे लावतात, मग मुलगा हलत नाही. बघणाऱ्याला दोन्ही दाब सारखेच दिसतात. शिवाय दुसऱ्या वेळी धक्का येणार हे ठाऊक असल्याने शरीर आधीच सावरलेलं असतं. काही विक्रेत्यांना स्वतःलाही हे कळत नसावं.

खात्री करायची तर दोन सारखी पाकिटं घ्या, एकात पट्टा, दुसऱ्यात पुठ्ठा. ती तिसऱ्याच कोणीतरी भरावीत आणि दर वेळी त्यातलं एक मुलाच्या खिशात घालावं. दाबणाऱ्याला नि मुलाला, दोघांनाही कुठलं पाकीट आहे हे माहीत नको. दहा-वीस वेळा करून लिहून ठेवा. विक्रेत्यालाच हे करायला सांगा, त्याला बहुधा घाई असेल.

पॉवर बॅलन्स या अमेरिकन कंपनीने असेच पट्टे जगभर खपवले, नावाजलेले खेळाडूही ते घालायचे. डिसेंबर २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाच्या कारवाईनंतर कंपनीला जाहीर कबूल करावं लागलं की तोल-ताकद वाढण्याच्या दाव्यांना विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा नाही. २०११ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. होलोग्राम तर बँकेच्या कार्डावरही असतो. त्याने ताकद आली असती तर आपण सगळेच गोव्यातल्या फातोर्ड्याच्या मोठ्या मैदानावर खेळलो असतो!

त्या विक्रेत्याकडे दम वाढावा म्हणून हुंगायचा ऑक्सिजनचा डबा असेल, तर त्याचंही तेच. गोव्याच्या किनारपट्टीवर निरोगी मुलाचं हिमोग्लोबिन साधारण ९५ ते ९९ टक्के ऑक्सिजनने भरलेलंच असतं. काठोकाठ भरलेल्या कळशीत आणखी काय ओतणार?

त्या पैशांत पायाला बसणारे बूट घ्या. सकाळची पेज, पुरेशी झोप, उकाड्यात पाणी नि मीठ-साखरेचं लिंबू सरबत, एवढ्याने बरंच भागतं.

त्याने पावडरही दाखवली असेल तर मात्र जास्त सावध राहा. लेबलवर न लिहिलेला प्रतिबंधित पदार्थ चाचणीत सापडला तरी ‘नाडा’च्या (खेळाडूंची उत्तेजक चाचणी घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नियमांनुसार जबाबदारी खेळाडूवरच येते. ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही. राज्य संघाच्या निवडीचा विचार असेल तर कोणीही डबा हातात ठेवला, अगदी प्रशिक्षकांनी ठेवला तरी, क्रीडावैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय उघडू नका.