बर्फाच्या बादलीचं सागवान आणि सैल मूठ

प्रश्न: जुन्या बर्फाच्या बादलीचं बाहेरचं सागवानी लाकूड पांढुरकं पडलंय. सोबतच्या चिमट्याची लाकडी मूठही हलते. काय करावं?

उत्तर: आधी मूठ, मग बादलीला तेल. तेल लागलेल्या लाकडाला चिकटद्रव्य धरत नाही, म्हणून हा क्रम पाळाच. मूठ ओढून काढा, भोकातला जुना गोंद खरवडा. सागवान मुळातच तेलकट, त्यामुळे आतून अ‍ॅसिटोननं पुसा. मग दोन ट्यूबवालं इपॉक्सी भरून मूठ बसवा आणि २४ तास हलवू नका.

बादली बहुधा पाण्यात बुडवून धुतली जात असावी. लाकडाच्या कापलेल्या टोकांतून पाणी सर्वांत लवकर शिरतं. लाकूड फुगतं, वाळताना आकसतं, शेवटी चिरतं. यापुढे फक्त ओलसर फडकं, आणि लगेच कोरडं. डिशवॉशर तर नकोच.

लाकूड पूर्ण वाळलं की ३२० नंबरच्या पॉलिश पेपरनं रेषांच्या दिशेनं हलकेच घासा. खाद्यवापराचं मिनरल ऑइल पातळ लावा, अर्ध्या तासानं उरलेलं पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. स्वयंपाकाचं तेल खवट होऊन चिकटतं. लाकडावर वार्निश शाबूत असेल, तर मात्र तेल आत मुरणारच नाही. नुसतं पुसून ठेवा.