पाचवीला मराठी शिकवणाऱ्या मुलीला

बेटा,

मेसेज वाचला. मुलं धडा घडाघडा वाचतात, खालची उत्तरं पण बरोबर लिहितात, मग टेस्टमध्ये न बघितलेला उतारा आला की सगळे गप्प, हेच ना?

एक करून बघ. फळ्यावर लिही, "झपूने मटकन गुबरा लाटवला." आता विचार, काय लाटवला? अख्खा वर्ग ओरडेल, गुबरा! कोणी? झपूने! कसा? मटकन! पैकीच्या पैकी मार्क, आणि गुबरा म्हणजे काय हे कोणाला माहीत नाही. धड्याखालचे बरेच प्रश्न असेच असतात गं, प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि ती ओळ उतरवायची. तिसरीपर्यंत हे खपून जातं, पण चौथी-पाचवीत पर्यावरण काय, गणितातली शाब्दिक उदाहरणं काय, सगळंच वाचून समजून घ्यायचं असतं, तिथे गाडी अडते.

म्हणून ओळीत न सापडणारं विचार. आजी गप्प का बसली असेल? कशावरून? आणि ज्या वाक्यावरून वाटलं त्यावर बोट ठेवायला लाव. सुरुवातीला वर्गात शांतता पसरेल, तुझ्या जिभेवर उत्तर येईल, पण देऊ नकोस. फळ्यावर उत्तरं लिहून देणं तर बंदच कर, पालक कुरकुर करतील, करू देत.

लिखाण रोज पाच ओळी. 'माझा आवडता सण' नको, तो गाईडातूनच येतो. सायकलची चेन उतरली तर कशी बसवतोस, ते लिही म्हण. आणि तपासताना एका दिवशी एकच गोष्ट बघ, आज फक्त पूर्णविराम. आपल्या बडोद्यातली मुलं गुजरातीही लिहितात, तिथे शिरोरेघ नसते त्यामुळे मराठीतही राहून जाते, त्याचा दिवस वेगळा ठेव. पुस्तकाला 'चोपडी' लिहिलं तर लाल गोल करू नकोस, घरी तेच बोलतात, बाजूला 'पुस्तक' लिहून सोडून दे.

वर्गात एक पेटी ठेव गोष्टींच्या पुस्तकांची, परीक्षा नाही, प्रश्न नाहीत, नुसतं वाचायचं. सयाजीरावांनी १९१० ला अमेरिकेहून बॉर्डन नावाचे लायब्ररियन बोलावले आणि इथून गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरायला लागल्या, तुला तर एका खोलीपुरतीच लागणार आहे. माझ्याकडे मुलांची जुनी मासिकं पडलीयेत. शनिवारी दांडिया बाजारला ये, आणि स्कूटरवर नको, रिक्षानेच, गठ्ठा जड आहे.

तुझी,
काकू