आधी नाल्याकाठी जा, मग लिही

प्रिय मित्रा,

तू पाठवलेले लेख वाचले. भाषा धारदार आहे, वाक्यं नेमकी बसतात आणि कुणाची भीड नाही. हे गुण सांभाळ, शिकवून येत नाहीत ते. पण वाचून झाल्यावर एक गोष्ट मनाला टोचत राहिली, ती स्पष्टच सांगतो. विमानाने हवामान परिषदेला जाणारे पुढारी, इंग्रजी वाहिन्यांचे निवेदक, समाजमाध्यमांवरचे वृक्षप्रेमी, सगळ्यांना तू झोडपलंस. ज्यांना झोडपलं त्यांनी ते वाचलेलं नाही. ज्यांनी वाचलं ते आधीच तुझ्या बाजूचे आहेत. आणि नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एकाही सरकारी कार्यालयातली एकही फाईल त्यामुळे जागची हलली नाही.

मी उजव्या विचाराचा माणूस आहे, हे तुला माहीत आहे. माझ्या लेखी त्याचा अर्थ फार साधा आहे. बापजाद्यांनी मागे ठेवलेलं उधळायचं नाही. सरकारने माणसाच्या घरात आणि खिशात कमीत कमी हात घालावा. आणि जो निर्णय घेतो, त्याला परिणामांचा जाब देता आला पाहिजे. या तिन्ही गोष्टी मनापासून मानणारा माणूस पर्यावरणाचा विषय आला की टिंगल करून मोकळा होतो, हे मला पटत नाही. तलाव, नदी, जंगल हीच तर आपल्याला वारशाने मिळालेली सगळ्यात जुनी इस्टेट. ती दुसऱ्यांच्या हवाली करून आपण फक्त चिडवत बसायचं, हा कुठला शहाणपणा?

आपल्या नागपूरच्या अंबाझरीचंच घे. दीडशे वर्षांपूर्वीचा तलाव. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, तलाव ओसंडला, नाग नदीने काठ सोडला आणि हजारो घरांत पाणी शिरलं. बर्डीवरच्या मोरभवन स्थानकात एसटीच्या बसेस पाण्यात बुडून उभ्या होत्या. माणसं दगावली. दुसऱ्या दिवशी मी डागा लेआऊटच्या वस्तीत फिरलो. फाटकांवर गाद्या वाळत घातलेल्या, फ्रिज रस्त्यावर आडवे, एक मोटार गाळात चाकांच्या वरपर्यंत रुतलेली. एका निवृत्त गृहस्थांनी गच्चीवर घराची रजिस्ट्री, एलआयसीची पॉलिसी, मुलीची प्रमाणपत्रं ओळीने पसरली होती आणि प्रत्येक कागदावर एकेक खडा ठेवला होता. खाली दिवाणखान्याच्या भिंतीवर पाण्याची मातकट रेघ होती, माझ्या छातीएवढी. ते माझ्याशी काही बोलले नाहीत, एकेक कागद उलटत राहिले.

त्या संध्याकाळी वाहिन्यांवर एकच शब्द ऐकू येत होता: क्लायमेट चेंज. मला त्या शब्दाचा राग नाही. वातावरण तापतंय, थोड्या वेळात जास्त पाऊस कोसळण्याचे प्रसंग वाढतायत, हे आपली हवामानखात्याची माणसंही सांगतात आणि त्यावर वाद घालण्यात तू वेळ घालवू नकोस. मला राग येतो तो हा शब्द ढाल म्हणून वापरला जातो याचा. पाऊस किती पडावा हे कुठल्याच अभियंत्याच्या हातात नाही. पडलेल्या पाण्याला वाट ठेवणं मात्र त्याच्या हातात आहे, त्याचाच त्याला पगार मिळतो. नाल्यांवर स्लॅब टाकून जागा कुणी वाढवून घेतली, पात्रात संरक्षक भिंती आत सरकवायला कुणी परवानगी दिली, गाळ काढल्याची बिलं कुणाच्या सहीने निघाली, या प्रश्नांना नावं आहेत आणि तारखाही आहेत. जागतिक तापमानवाढीला नोटीस बजावता येत नाही, म्हणून ती सगळ्यांना सोयीची वाटते.

आता अवघड भाग. तलावाच्या सांडव्यासमोर स्वामी विवेकानंदांचं स्मारक आहे. पुरानंतर त्यावरून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर वाद गेला. स्वामीजींविषयी माझ्या मनात जी श्रद्धा आहे ती तुझ्याही मनात आहे. तरीही पाण्याच्या वाटेवर बांधकाम नको होतं, हे म्हणण्याची जबाबदारी आधी आपली आहे, कारण दुसऱ्याने म्हटलं की ते द्वेषाचं बोलणं ठरवून मोकळं होता येतं. आणखी एक गोष्ट. पूर आला तेव्हा महापालिकेत प्रशासक होता. मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती, निवडणूक झालेली नव्हती. डागा लेआऊटच्या माणसाला ज्याच्या दारात जाऊन ओरडता येईल असा नगरसेवकसुद्धा उरलेला नव्हता. त्याआधीची पंधरा वर्षं महापालिका आपण ज्यांना मतं देतो त्यांच्याकडे होती. हे वाक्य तुझ्या लेखात यायला हवं. ते लिहिताना हात अडखळत असेल, तर दिल्लीच्या निवेदकांवर तू काय लिहितोस याला फारशी किंमत राहत नाही.

मोठमोठ्या घोषणांना तू विरोध करतोस, तिथे मी पूर्ण तुझ्या बाजूने आहे. पण विरोध करताना घडलेलं दाखव. श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, सगळा देश सेंद्रिय शेतीवर न्यायचा म्हणून. नोव्हेंबरपर्यंत माघार घ्यावी लागली. भाताचं पीक घटलं, चहाला फटका बसला, आणि परकीय चलनाच्या टंचाईत आधीच सापडलेला देश बाहेरून तांदूळ आणायला लागला. जर्मनीने १५ एप्रिल २०२३ रोजी शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, आणि लिग्नाइट कोळसा जाळणारी केंद्रं मात्र चालूच राहिली. कर्बवायू कमी करायचा असं ज्याला खरंच वाटतं, त्याने हा क्रम उलटा लावायला हवा होता. ही उदाहरणं मांडलीस की कुणाची टवाळी करण्याची गरजच पडत नाही.

घरची उदाहरणं तर जास्त बोलकी आहेत. तणनाशकाला दाद न देणाऱ्या कपाशीच्या वाणाला सरकारने मंजुरी दिलेली नाही. २०१९ साली अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी ते बियाणं उघडपणे पेरून कायदेभंग केला. आपल्याकडे त्याला चोर बीटी म्हणतात. बंदीने ते थांबलं का? ते आजही रात्रीच्या गाडीने येतं, बिलाशिवाय विकलं जातं, आणि उगवलं नाही तर शेतकऱ्याला दाद मागायला जागा नसते, कारण त्याने जे घेतलं ते कागदावर अस्तित्वातच नाही. निंदणाला मजूर मिळत नाही म्हणून तो हा धोका पत्करतो. बियाणं चांगलं की वाईट हे तपासून जो काय तो निकाल द्यायला हवा होता, तो वर्षानुवर्षं लटकवत ठेवला. जून महिन्यात कृषी केंद्राच्या दारात तासभर उभा राहिलास, तर याच्यावर दहा लेख होतील.

कोराडीच्या वीज केंद्राचंही तसंच. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने औष्णिक वीज केंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घालून दिली, दोन वर्षांची मुदत दिली. मुदत संपत आली की वाढवायची, असं अनेकदा झालं, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी असतं, हा युक्तिवाद खोटा नाही. मग तो २०१५ मध्येच करायचा होता. पाळला जाणार नाही असा नियम आणायचा आणि दहा वर्षांनी गुंडाळायचा, यात कायद्याची अब्रू जाते, आणि कायद्याची अब्रू हा आपला विषय आहे. आपल्या कोळशाची खरी खोड म्हणजे राख, वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळ्यातल्या राख-तलावाचा बांध फुटला आणि राखड शेतांत, नाल्यांत पसरली. त्या गावांत जा. धुऱ्यावर उभा राहा, वाळलेली राखड बोटांत घेऊन बघ, पिठासारखी मऊ लागते. तिथला शेतकरी मुंबईच्या चर्चेत कधीच बोलावला जात नाही. तो डावाही नाही आणि उजवाही नाही, त्याला त्याची जमीन परत हवी आहे.

वाहिन्या आणि वर्तमानपत्रांवर तू पानंच्या पानं खर्च केली आहेस, मी थोडक्यात आटोपतो. माध्यमं एकाच बाजूला झुकलेली आहेत म्हणून मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही; कुणीतरी कुठेतरी झुकणारच. ती जागेवर जात नाहीत, ही माझी तक्रार आहे. १९५३ च्या नागपूर करारामुळे दर हिवाळ्यात अधिवेशन इथे येतं. विधानभवनासमोर ओबी व्हॅनची रांग लागते, कोण कुणाच्या हुरडा पार्टीला गेलं ते दिवसभर दाखवतात, मोर्चे पोलिसांच्या कठड्यापाशी अडून राहतात, आणि अधिवेशन संपलं की रांग पुसून जाते. इथे ‘हितवाद’ १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने सुरू केला. ही परंपरा असलेल्या शहरात पालिकेच्या अंदाजपत्रकाची पानं उलटून बघणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. ती जागा रिकामी आहे. तू ती घे.

आता तू ज्याला हात लावायचं टाळलंस त्याबद्दल. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल. गडकरी आपल्या शहराचे खासदार, कामाचा माणूस, रस्त्यांबद्दल मीही त्यांचं कौतुक करतो. इथेनॉलचा आग्रह त्यांनी वर्षानुवर्षं धरला. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य २०३० चं होतं, ते पाच वर्षं अलीकडे आणलं. तेलाची आयात कमी व्हावी, शेतकऱ्याला दुसरं गिऱ्हाईक मिळावं, हा हेतू चांगलाच आहे. पण पंपावर गेलेल्या माणसाला निवड उरली का? नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं होतं की जुन्या धाटणीच्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकतं आणि दुचाकींचं ३ ते ४ टक्क्यांनी. मग दर तेवढा खाली का आला नाही? उसाला पाणी किती लागतं हे विदर्भात कुणाला सांगावं लागत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये उसाची टंचाई दिसताच रसापासून इथेनॉल काढण्यावर निर्बंध आले, भार मक्यावर गेला, आणि मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये मका आयात करू लागला. कोंबडीच्या खाद्याचा भाव कुणाही पोल्ट्रीवाल्याला विचार. ग्राहकावर सक्ती, एका उद्योगाला हमीचं गिऱ्हाईक, आणि त्याला हिरवं लेबल. हेच काम दुसऱ्या पक्षाच्या मंत्र्याने केलं असतं, तर तुझा लेख त्याच रात्री तयार झाला असता. म्हणून हाही लिही. सभ्यपणे, आकड्यांसह, आणि त्यांच्या कार्यालयाकडून उत्तर मागवून.

टीका करत असताना चांगलं कुठे झालं तेही शोधत जा. गडचिरोलीत मेंढा लेखा या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा आपला बांबू स्वतः विकू लागली. जंगल टिकलं, गावात पैसा आला. मालकी दिली की माणूस राखतो, हे आपण लोकांना एरवी भाषणात सांगतो. तिथे ते आदिवासी गावाने करून दाखवलं. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गाचंही बघ. वर्षानुवर्षं कोर्टकचेरी झाली, आणि शेवटी रस्ताही झाला आणि त्याखालून जनावरांना जायला मार्गही झाले, काही तर ७५० मीटर लांबीचे. वाघ त्यांतून ये-जा करतात, भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत ते टिपलं आहे. वृक्षप्रेमी अडून बसले नसते तर ते मार्ग झाले नसते. हे मान्य केल्याने तू लहान होत नाहीस.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एवढंच. खुर्चीवर तुटून पड, माणसाच्या रूपावर, जातीवर, बायकोमुलांवर कधीही जाऊ नकोस. टोपणनावं पाडणं बंद कर. ज्याच्यावर लिहिणार त्याला आधी फोन कर, आणि त्याचं म्हणणं लेखात पूर्ण छाप, तुझ्या वाक्याची धार त्याने बोथट झाली तरी.

पहिलं काम सांगतो. अंबाझरीपासून बर्डीपर्यंत नाग नदीच्या काठाने पायी ये, सकाळी लवकर, उन्हाच्या आत. कुठे पात्र अरुंद झालं आहे ते वहीत टिपून ठेव. मग माहिती अधिकाराचा अर्ज कर: गेल्या तीन वर्षांत या टप्प्यातला गाळ काढण्याची कामं कुणाला दिली, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती द्याव्यात. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, तेव्हा पाल्हाळ नको. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, त्याला वीस रुपये. अर्जाचा मसुदा टाकण्याआधी मला दाखव. शनिवारी संध्याकाळी मी घरीच असतो.

तुझा,
काका