अटलांटाला येताय आणि लेकीला स्पेलमन हवंय तर

ताई, तुम्ही विचारलंय की मिस्टरांची एल-१ वर (कंपनीच्या बदलीचा व्हिसा) अटलांटाला बदली होतेय, मुलगी बारावीला आहे, तिला स्पेलमन कॉलेजच हवंय पण घरचे म्हणतात काळ्या मुलींच्या कॉलेजात कशाला, तिथे काय काय प्रॉब्लेम असतील. मी इथे १४ वर्षं आहे, शेजारणीची मुलगी तिथेच शिकली, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे घरातलं ते "काळ्या मुलींच्या" बोलणं आत्ताच थांबवा, कारण तोच सूर घेऊन मुलगी इथे आली तर तिला मैत्रिणी मिळणार नाहीत आणि चूक तिचीच असेल. १८८१ मध्ये एका चर्चच्या तळघरात ११ जणींना घेऊन हे कॉलेज सुरू झालं, त्यातल्या बऱ्याच गुलामीतून सुटलेल्या बाया होत्या, अक्षरओळख करायला आलेल्या. आणि आपल्या जोतिबांनी १८७३ मध्ये गुलामगिरी पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्यांनाच, हे घरच्यांना जरूर सांगा.

आता खरा प्रॉब्लेम सांगते, तो पैशाचा आहे. मुली हुशार असतात, पण दोन-तीन पिढ्या काळ्या वस्तीत बँकांनी घरासाठी कर्जच दिलं नाही त्यामुळे आईबापाकडे गहाण टाकायलाही काही नसतं. २०११ ला सरकारने पेरेंट प्लस लोनचे (मुलांच्या शिक्षणासाठी आईबापांना मिळणारं सरकारी कर्ज) नियम कडक केले तेव्हा अशा कॉलेजांतल्या कितीतरी पालकांचं लोन नाकारलं गेलं आणि पोरींना मधेच घरी जावं लागलं. शेजारणीची मुलगी सांगायची, मार्क चांगले असलेली रूममेट एक दिवस बॅग भरून गेली, फी बाकी होती म्हणून. २०१७ मध्ये तर स्पेलमन आणि शेजारच्या मोरहाऊस कॉलेजच्या मुलांनी उपोषण केलं, मागणी एवढीच की मेसची न वापरलेली जेवणं उपाशी मित्रमैत्रिणींना द्या, आणि कॉलेजांना ऐकावं लागलं. २०२४ ला १० कोटी डॉलरची देणगी आली, त्यातले साडेसात कोटी स्कॉलरशिपला, त्याने खूप फरक पडेल असं मला मनापासून वाटतं.

सेफ्टीचं म्हणाल तर कॅम्पसला गेट आहे, पहारा आहे, वेस्ट एंड हे मार्टाचं (इथली लोकल ट्रेन) स्टेशन जवळ आहे. पण २०२२ च्या फेब्रुवारीत बॉम्बच्या धमक्या आल्या त्या आजूबाजूच्या वस्तीतून नाही, या कॉलेजांचा द्वेष करणाऱ्यांकडून, आणि देशभरातल्या अशा कितीतरी कॉलेजांना एकदमच. लैंगिक छळाच्या तक्रारी दाबल्या जातात म्हणूनही २०१७ मध्ये मुली उघड बोलल्या होत्या. हे लपवण्यासारखं नाही, मुलीला आधीच सांगून ठेवा आणि तक्रार कुठे करायची ते पहिल्या आठवड्यात विचारून घ्यायला सांगा.

तुमच्यासाठी वेगळी अडचण म्हणजे एल-२ वर (एल-१ वाल्याच्या बायको-मुलांचा व्हिसा) ती शिकू शकते पण सरकारी मदत मिळणार नाही, नोकरी करता येणार नाही आणि २१ व्या वर्षी एल-२ संपतो, म्हणजे डिग्री पूर्ण व्हायच्या आधी बहुतेक एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जावं लागेल, तो खर्च आणि वेळ आत्ताच धरा. कॉलेजची स्वतःची स्कॉलरशिप बाहेरच्या देशातल्या मुलींना किती मिळते ते अॅडमिशन ऑफिसला लेखी विचारा, फोनवर नको. उत्तर आलं की मला कळवा, आपण दोघी मिळून चार वर्षांचा हिशोब मांडू.