शांघायमध्ये तीन महिने: दिवस जाईल कसा?

प्रश्न: माझी धाकटी मुलगी आणि जावई शांघायला असतात, नातू चार वर्षांचा आहे. डिसेंबरात मी तीन महिन्यांसाठी जाणार आहे. दोघंही सकाळी आठलाच घराबाहेर पडतात. मला भाषा येत नाही आणि मी पूर्ण शाकाहारी. भाची सांगते, तिथले लोक अनोळखी माणसाकडे बघून हसतसुद्धा नाहीत. मग दिवसभर खिडकीत बसायचं का? आणि शेजाऱ्यांसाठी इथून काय न्यावं?
– निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर: बाई (शिक्षिका म्हटल्यावर दुसरं काही तोंडात येत नाही), भाचीचं म्हणणं निम्मं खरं आहे. लिफ्टमध्ये खरोखरच कुणी हसत नाही. पण भाची नोकरदारांत वावरली असणार. कामाच्या दिवशी दुपारचं शांघाय असतं निवृत्तांचं. तिथे बायकांचं निवृत्तीचं वय आत्ताआत्तापर्यंत 50 किंवा 55 होतं. 2025 पासून ते हळूहळू वाढवायला घेतलंय. त्यामुळे गुडघे शाबूत असलेल्या निवृत्त बायका बागेत ढिगाने भेटतात. सकाळी ताय-ची, संध्याकाळी स्पीकर लावून रांगेत नाच. मागच्या रांगेत जाऊन उभ्या राहा, कुणी हटकत नाही. बालवाडी सुटताना फाटकाशीही बहुतेक आजी-आजोबाच असतात. नातवाला आणायचं काम मागून घ्या. तीच तुमची ओळख होईल.

मग त्या बोलतीलच, खुणांनी नाहीतर मोबाइलच्या अनुवादातून. वय किती, पेन्शन किती, घर स्वतःचं की भाड्याचं, जावयाला पगार काय! राग मानू नका, एसटीत शेजारच्या बाईला आपण याहून कमी काय विचारतो? मुलं किती, याला मात्र एकाहून जास्त बोटं वर केलीत तर डोळे विस्फारतील. 2015 पर्यंत, जवळजवळ 35 वर्षं, शहरात एकाच मुलाचा नियम होता. शनिवारी-रविवारी पीपल्स पार्कात मुलीबरोबर चक्कर मारा. उघड्या छत्र्यांवर मुलामुलींची स्थळं चिकटवून आईबाप बसलेले असतात: जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, फ्लॅट. ज्यांची लग्नं ठरवायची, ती मुलं सहसा तिथे फिरकत नाहीत.

रोज करण्यासारखं दुसरं काम म्हणजे मंडई. भाव बहुधा ‘जिन’चा असतो, म्हणजे अर्ध्या किलोचा, हे आधी डोक्यात ठेवा. आकडे भाजीवाली एकाच हातावर दाखवते. पाचापर्यंत आपल्यासारखंच. सहा म्हणजे अंगठा आणि करंगळी ताठ, बाकी बोटं मिटलेली. आपल्याकडे ‘फोन कर’ म्हणून दाखवतो तसं. अंगठा आणि तर्जनी उघडी म्हणजे आठ. बरीच भाजी घेतलीत की पिशवीत कांद्याच्या पातीच्या दोन काड्या फुकट पडतात. नाही पडल्या तर मागायच्या, त्यात संकोच नाही. पैसे मात्र फोनवरून. 2023 पासून आपल्याकडचं परदेशी व्यवहारांना चालणारं कार्ड अलीपे किंवा वीचॅट या तिथल्या पैसे द्यायच्या अ‍ॅपना जोडता येतं, ते मुलीकडून करून घ्या. नेहमीच्या इंटरनेटवर व्हॉट्सअ‍ॅप तिथे चालत नाही, तेव्हा सांगलीच्या मंडळींशी बोलायचं कसं ते निघायच्या आधी ठरवा. आणि पोहोचल्यापासून 24 तासांत पोलिसांकडे तुमची नोंद व्हायला हवी. घरी उतरणाऱ्या परदेशी माणसाला ते बंधनकारक आहे.

थंडीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला तीच काळजी जास्त आहे. बीजिंगला हिवाळ्यात सरकारी हीटिंग घराघरांत येतं. छिनलिंग डोंगर आणि ह्वाय नदीच्या दक्षिणेला ती सोय नाही, आणि शांघाय दक्षिणेत. जानेवारीत रात्री पारा 2-3 अंशांवर, हवा दमट, आणि म्हाताऱ्या बायका ताज्या हवेसाठी खिडक्या उघड्या टाकून घरात कोट घालून बसतात! स्वेटर बाहेरच्यासाठी नव्हे, घरातल्यासाठी घ्या. प्यायला मात्र जिथे जाल तिथे गरम पाणी. 1950 च्या दशकात सरकारने उकळलेल्या पाण्याचा मोठा प्रचार केला, आता ते अंगवळणीच पडलंय. रेल्वेच्या डब्यातसुद्धा उकळत्या पाण्याचा नळ असतो. माठाचं पाणी विसरा, घशाला बरंच आहे.

खाण्याची आबाळ होणार नाही, पण ‘शाकाहारी’ एवढ्यावर विश्वास टाकू नका. टोफूवर खिमा भुरभुरलेला असतो, पालेभाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, आणि अंड्याला तर कुणी मांसाहार धरतच नाही. या तिन्ही गोष्टी नकोत असं चिनीत लिहिलेली चिठ्ठी पर्समध्ये ठेवा. बौद्ध शाकाहारी हॉटेलं सगळ्यात बिनधोक. पक्की असली तर कांदा-लसूणसुद्धा नसतो. नानचिंग रोडवरचं कुंग-द-लिन 1922 पासूनचं आहे. तिथे ताटात बदक आलेलं दिसलं तर उठू नका, ते टोफूच्या सायीचं असतं.

आता शेजाऱ्यांचं. पेढे नकोत. मिठाईची तिथली सर्वांत मोठी स्तुती म्हणजे ‘फार गोड नाहीये’. भडंग न्या, पण तिखट बेताचं, कारण शांघायकरांना तिखट झेपत नाही. पाकीट दोन्ही हातांनी द्या. एक-दोनदा नको म्हणतील, तरी पुढे करा. घेतल्यावर न उघडताच बाजूला ठेवलं तर मनाला लावून घेऊ नका. देणाऱ्यासमोर उघडणं तिथे हावरटपणाचं समजतात.