2147483647 ही मूळ संख्या एवढी खास का आहे?

ही संख्या म्हणजे 2 चा 31 वा घात वजा 1, बायनरीत (फक्त 0 आणि 1 वापरून) लिहिली की ओळीने 31 एक येतात, म्हणून तर 32 बिटच्या साइन्ड इंटिजरमध्ये, म्हणजे संगणकात पूर्ण संख्या ठेवायच्या 32 खणांच्या जागेत (त्यातला एक खण अधिक-उणे चिन्हासाठी), मावणारी सगळ्यात मोठी संख्या हीच (काही संगणक वेळेचे सेकंद अशाच जागेत मोजतात, ती 2038 साली भरेल, म्हणून तेव्हाचा तारखांचा घोळ पण हिच्यामुळेच होणारे).

पण मला खरं भारी वाटतं ते गणितज्ञ ऑयलरचं काम, त्याने 1772 मध्ये ही मूळ आहे हे हाताने सिद्ध केलं! साधा विचार केला तर 46340 पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने, म्हणजे जवळपास पावणेपाच हजार संख्यांनी भागून बघावं लागेल, पण त्याने दाखवलं की हिला भाग जाणारी मूळ संख्या असलीच तर तिला 248 ने भागल्यावर बाकी 1 किंवा 63 च उरणार. मग तपासायला पहिली येते 311, त्यानंतर एकदम 1303, मधल्या सगळ्या बाद, किती कष्ट वाचले बघा.

अजून एक, हिला 2 च्या 30 व्या घाताने गुणलं की 2305843008139952128 ही परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे ती स्वतः सोडून तिच्या सगळ्या विभाजकांची बेरीज परत तेवढीच येते.