सिंकथिंग पहिल्यांदा लावताय? आधी एवढं करा

भाऊ, वावरातला मोबाईल आणि घरचा लॅपटॉप सिंकथिंगने, म्हणजे दोन यंत्रांतलं फोल्डर आपोआप सारखं ठेवणाऱ्या अ‍ॅपने, थेट जोडायचं मनावर घेतलंत, फार चांगलं केलंत. सुरुवात दोनच यंत्रांनी करा, तीही घरच्या एकाच वायफायवर.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे याला बॅकअप समजणं. इकडे फोटो पुसला की तिकडचाही जातो. माझे बोंडअळीचे दोन हंगामांचे फोटो असेच गेले, अजून जीव हळहळतो. म्हणून पहिल्याच दिवशी:

- दोन्ही यंत्रांवर त्या फोल्डरचं फाइल व्हर्जनिंग (तिकडून बदललेल्या-पुसलेल्या फाइलची जुनी प्रत जपून ठेवणं) चालू करा.
- मोबाईलची बॅटरी बचत या अ‍ॅपपुरती बंद ठेवा.

मध्ये फाइल साठवणारा सर्व्हर नसतो, त्यामुळे दोन्ही यंत्रं एकाच वेळी चालू लागतात. लाइन गेली तर घाबरू नका. फाइल तुकड्यातुकड्यांनी जाते, लाइन आल्यावर राहिलेलेच तुकडे येतात.

वावरातून जोडताना ‘रिले’ दिसेल, म्हणजे माहिती न साठवता फक्त पुढे पोचवणारा मधला सर्व्हर. मोबाईल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा पत्ता) अनेक ग्राहकांत वाटतात, म्हणून थेट जोडणी बरेचदा लागत नाही. रिलेने वेग कमी होतो, पण माहिती कूटबद्धच जाते, रिलेवाल्याला वाचता येत नाही. थेट जोडणीसाठी राउटरचे पोर्ट (बाहेरून आत यायची दारं) उघडत बसू नका. ते पुढे पाहू.